१० युनिट, पण केव्हा?

ऑक्सिटोसिनचं नाव आता लेबर रूमच्या बाहेरही ऐकू येतं. पुरवण्यांमध्ये ते प्रेमाचं संप्रेरक म्हणून मिरवतं. म्हशींच्या गोठ्यावर धाड पडली की तेच बातमीत घातक इंजेक्शन होतं. त्याचं जुनं आणि खरं काम मात्र गर्भाशयाच्या स्नायूवर चालतं, आणि त्या कामाबद्दल जाणकारांचंही एकमत नाही. ते का नाही, हे पाहण्यासाठी हा संवाद रचला आहे. मावशी ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममधून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मेधा त्यांची भाची, वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दोघी कल्पित आहेत, त्यांच्या तोंडचं विज्ञान तसं नाही. जुनी पिढी औषधाच्या विरोधात आणि नवी बाजूनं, अशी वाटणी कुणाला अपेक्षित असेल तर आधीच सांगतो, इथे ती उलटी आहे.

मावशी : त्या औषधाबद्दल वाकडं बोलणार असशील तर मी ऐकून घेणार नाही. वार पडल्यावर पिशवी ढिली राहिली की काय होतं, ते तू वाचलंयस. मी पाहिलंय. चादर भिजते, गादी भिजते, टेबलाखाली थारोळं साचतं, आणि बाई तुमच्याशी बोलत असते. पाणी मागते, बाळ कसंय विचारते. मग बोलायची थांबते.

मेधा : त्याबद्दल आपलं भांडण नाहीच. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरतं. वार सुटली की तिच्यामागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या मिटायला रक्त गोठून भागत नाही. स्नायूचे धागे त्या वाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात, ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात. बाळ झाल्या झाल्या १० युनिट मांडीत द्यायचं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि मीही.

मावशी : मग अडलं कुठे?

मेधा : बाळ होण्याआधीच्या सलाईनवर. तुम्ही ते कसं लावायचात, सांग बरं.

मावशी : अडीच युनिट, ५०० मिलीच्या बाटलीत. बाटली उलटसुलट करून नीट मिसळून घ्यायची, नाहीतर सगळं औषध पहिल्याच धारेत आत जायचं. मिनिटाला १० थेंबांनी सुरुवात. अर्ध्या तासानं बघायचं, कळा जमल्या नसतील तर आणखी १० थेंब. ६० च्या वर जायचं नाही. आमच्याकडे पंप कुठला? एक डोळा सेकंदकाट्यावर, एक चेंबरमध्ये पडणाऱ्या थेंबावर. आणि हात पोटावर, चांगली १० मिनिटं. नव्या मुली बाईलाच विचारतात, कळ आली का गं? विचारायचं नसतं. बाईच्या आधी ती हाताला कळते. पिशवी घट्ट होत होत पुढे येते, हाताखाली उभी राहते, ४० सेकंद टिकते आणि सैल पडते. मी घट्ट होण्यापेक्षा सैल पडण्याकडे लक्ष द्यायचे. दोन कळांच्या मध्ये पिशवी मऊ झाली नाही की ड्रिप बंद, बाईला डाव्या कुशीवर वळवायचं आणि बाळाचे ठोके ऐकायचे.

मेधा : बरोबर. कळ आली की वारेकडे जाणारं रक्त अडतं. बाळाला जे काही मिळतं ते मधल्या विश्रांतीत. १० मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर ती विश्रांतीच उरत नाही. आता मला सांग, तुझे तेच १० थेंब एकीला पुरायचे आणि दुसरीला ६० नीही काही व्हायचं नाही, असं होतं ना?

मावशी : रोजचंच.

मेधा : कारण औषधाची ताकद बाटलीत ठरत नाही, पिशवीत ठरते. ऑक्सिटोसिन म्हणजे ९ अमिनो आम्लांचं चिमुकलं पेप्टाइड. सहांचं कडं, तिघांची शेपटी. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं ते प्रयोगशाळेत जसंच्या तसं बनवलं आणि १९५५ साली त्याला नोबेल मिळालं. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. त्या मिनिटांत त्याला स्नायूपेशीवर आपला रिसेप्टर भेटला तरच काम. रिसेप्टर पेशीच्या आत निरोप धाडतो, आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं, बाहेरचंही आत येतं. हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला धरतं, त्यानं जागं झालेलं एन्झाइम मायोसिनवर फॉस्फेट चढवतं, आणि धागे एकमेकांवर सरकून पेशी आखडते. गर्भ नसताना पिशवीत हे रिसेप्टर मोजके असतात. दिवस भरेपर्यंत ते शंभर पटींहूनही वाढतात.

मावशी : एक पेशी आखडून काय होणार?

मेधा : काहीच नाही. म्हणून दिवस भरताना आणखी एक तयारी होते. शेजारशेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४३ नावाच्या प्रथिनाचे बारीक मार्ग उघडतात आणि एकीची विजेची लहर दुसरीत जाते. हृदयाला ठोका देणारी ठरलेली जागा असते, तशी गर्भाशयात सापडत नाही. लहर कुठूनही उठते. जत्रेत रथ ओढणारे 'हर हर महादेव'च्या हाकेला एकदम जोर लावतात, तसं या मार्गांमुळे पेशींचं होतं. मार्ग नसतील तर जो तो आपापला दोर आपापल्या वेळी ओढणार, आणि रथ जागचा हलणार नाही.

मावशी : म्हणजे कच्च्या पिशवीवर बाटल्या ओतून उपयोग नाही. हे मला तुझ्या रिसेप्टरवाचून माहीत होतं. तोंड लांब, कडक, मागे वळलेलं असलं की मी सांगायचे, साहेब, आज नको.

मेधा : आणि साहेब ऐकायचे?

मावशी : काही ऐकायचे. काहींची संध्याकाळची ओपीडी असायची.

इथे मेधा हसली असती, पण तिच्या पोतडीत उंदीर होते.

मेधा : १९९६ साली दोन चमूंनी ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्या माद्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिनचा एक रेणू नाही. त्या गाभण राहिल्या आणि दिवस भरल्यावर रीतसर व्याल्या.

मावशी : व्याल्या?

मेधा : अगदी बिनबोभाट. पण पिल्लं मेली. आचळाला लागायची, ओढायची, पोटात दूध काही जायचं नाही. दूध तयार होत होतं, ते पुढे ढकलणाऱ्या पेशी आवळत नव्हत्या. माद्यांना ऑक्सिटोसिन टोचल्यावर पिल्लं जगली.

मावशी : पान्हाच फुटला नाही म्हण की. पण बाई म्हणजे उंदीर नव्हे.

मेधा : नव्हेच. उंदरात प्रसूतीआधी पिशवी शांत ठेवणारं रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कोसळतं, बाईत तसं कोसळत नाही. आणि बाईत ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर अडवणारं ॲटोसिबान दिलं तर अकाली सुरू झालेल्या कळा काही काळ दबतात, म्हणजे बाईत त्याचा वाटा आहे. पण एवढं खरं की कळा म्हणजे ऑक्सिटोसिन आणि ऑक्सिटोसिन म्हणजे कळा, असं समीकरण नाही. प्रॉस्टाग्लँडिन आहेत, स्नायूचा ताण आहे, बाळाकडून येणारे संकेत आहेत. आपण त्यातला एकच दोर धरतो, कारण तो बाटलीत मिळतो.

मावशी : जो हाताशी आहे तोच धरणार ना माणूस! सकाळी आलेली पहिलटकरीण संध्याकाळी तशीच. कळा येतात, मरतात. ओठ सुकलेले, पाणमोट फुटून तास झालेले. थांबण्याचीही किंमत असते गं. बाळाचं डोकं तासन्‌तास तिथेच अडकून राहिलं की लघवीच्या पिशवीला भोक पडतं, आणि मग ती बाई जन्मभर ओल्या लुगड्यानं कोपऱ्यात बसते. तुमच्या पुस्तकात त्याला फिस्टुला म्हणतात. ड्रिप नव्हती तेव्हाच्या सुईणी हे जास्त बघायच्या.

मेधा : अडकलेल्या डोक्याला ड्रिप हा उपाय नाही मावशी. तिथे जोर वाढवला तर पिशवीच फाटते.

मावशी : ते मला सांगतेस? तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाईला, नाहीतर आधीच्या सिझेरियनचा व्रण असलेलीला कुणी न विचारता ड्रिप लावली तर माझा आवाज दरवाजाबाहेर जायचा. मी बोलतेय ती पहिलटकरणीबद्दल. बाळ सरळ आहे, जागा पुरेशी आहे, फक्त कळांत दम नाही.

हा भेद मावशींनी स्वतः शोधलेला नाही. १९६९ साली डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमधून किअरन ओ'ड्रिस्कॉल यांनी जी पद्धत मांडली, ती नेमकी पहिलटकरणींसाठी होती. कळा खऱ्या सुरू झाल्या आहेत याची आधी खात्री करायची, मग पाणमोट फोडायची, तोंड उघडण्याची गती मंद असेल तर ऑक्सिटोसिन द्यायचं, आणि बाईला सांगायचं की ठरावीक तासांत सुटशील. जगभर ही पद्धत पसरली. तिचा एक भाग मात्र वाटेत गळून गेला, आणि मेधानं तिथेच बोट ठेवलं.

मेधा : डब्लिनमध्ये प्रत्येक बाईजवळ एक नर्स शेवटपर्यंत बसून असायची. तुमच्याकडे ड्रिप आली, खुर्ची आली नाही. नंतरच्या चाचण्यांमध्ये ड्रिप लवकर लावल्यानं प्रसूती साधारण दोन तासांनी लवकर झाली, पण सिझेरियन कमी झाली नाहीत. आणि नुसत्या खुर्चीची चाचणी बघ. १९८० साली ग्वाटेमालात लहानसा प्रयोग छापून आला. काही बायकांजवळ एक अनोळखी, प्रशिक्षण नसलेली पण मायाळू बाई बसवली. पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. त्यांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी ९ तासांच्या आसपास लागले. ज्या एकट्या होत्या त्यांना १९ च्या पुढे.

मावशी : ह्यात मला नवल नाही. वस्तीवरून जीपनं आलेली पोर, दारात उतरते तेव्हा कळा कशा दणदणीत. आत ट्यूबलाइट, शेजारच्या टेबलावर कुणीतरी किंचाळतंय, आमच्यातलीच एखादी खेकसते, आणि सासूला बाहेर काढलेलं. तासाभरात कळा गायब. ही नसांची करामत ना?

मेधा : अर्धी. घाबरल्यावर सुटणारं ॲड्रिनलिन गर्भाशयाच्या बीटा-२ रिसेप्टरवर बसतं आणि स्नायू सैल करतं. अकाली कळा थांबवायला तुम्ही आयसॉक्सुप्रिन द्यायचात ना? तेही त्याच रिसेप्टरवर बसतं.

मावशी : म्हणजे आम्ही एका हातानं घाबरवून कळा थांबवायचो आणि दुसऱ्या हातानं ड्रिप लावून चालू करायचो.

मेधा : मी असं म्हटलं नसतं.

मावशी : मी म्हणतेय. पण अर्धी का म्हणालीस?

मेधा : कारण गर्भाशयाला आवळायला नस लागतच नाही. पाठीचा कणा वरच्या भागात पूर्ण तुटलेल्या बायकांना दिवस जातात, दिवस भरतात आणि कळाही येतात. दहाव्या वक्षीय मणक्याच्या वर इजा असेल तर त्यांना त्या जाणवत नाहीत, एवढंच. सहाव्याच्या वर असेल तर उलट मोठा धोका. मेंदूचा लगाम सुटलेल्या खालच्या नसा प्रत्येक कळेबरोबर भडकतात आणि रक्तदाब एकदम चढतो. बाईला कळ कळत नाही, पण डोकं फुटायला येतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. आणखी एक गोष्ट. गर्भाशयाच्या मुख्य स्नायूत शिरलेल्या सिंपथेटिक नसा दिवस भरताना स्वतःहून मागे हटतात. गिनीपिगमध्ये हे नीट पाहिलंय, माणसातही दिसलंय. त्यांचं नॉरॲड्रिनलिन जवळजवळ संपतं आणि बाळंतपणानंतर त्या हळूहळू परत येतात.

मावशी : नसा आपणहून मागे हटतात? कशासाठी?

मेधा : मोठं होत जाणारं बाळ सांभाळायचं, आणि स्नायूला मध्येमध्ये चिथावणी नको, असा त्याचा एक अर्थ लावतात. म्हणूनच तुझ्या त्या पोरीची भीती नसेतून पिशवीत उतरत नाही, रक्तातून उतरते. मात्र गर्भपिशवीच्या तोंडाच्या नसा शाबूत राहतात, आणि त्या वरच्या दिशेनं बोलतात. १९४१ साली फर्ग्युसननं सशांवर दाखवलं की तोंडावर आणि योनिमार्गावर ताण दिला की मेंदूखालच्या पिट्यूटरीतून ऑक्सिटोसिन सुटतं. ते कळ आणतं, कळ डोकं खाली दाबते, ताण वाढतो, आणखी ऑक्सिटोसिन.

मावशी : म्हणून शेवटी शेवटी कळा अंगावर येतात.

मेधा : आणि म्हणून एपिड्युरलनं खालच्या नसा बधिर केल्या की शेवटचा टप्पा लांबतो. आता यात तुझी ड्रिप कुठे बसते बघ. मेंदू ऑक्सिटोसिन उसळ्यांनी सोडतो. उसळी, मग शांतता, मग पुन्हा उसळी. ड्रिप सतत वाहते. रिसेप्टरवर सतत माल येत राहिला की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते. काही तासांनी तेच औषध तेवढंच देऊन काम कमी होतं, मग तुम्ही थेंब वाढवता. आणि बाळ झाल्यावर, ज्या १० युनिटांसाठी तू माझ्याशी भांडायला उठली होतीस, त्यांना भेटायला रिसेप्टर कमी उरलेले असतात.

मावशींना याला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यांच्यासारख्या बाईला हे पटतं ते पुस्तकानं नाही. लांबलेल्या ड्रिपनंतर ढिली राहिलेली पिशवी, तिच्यावर तळहातानं केलेली मालिश, पिशवी आवळणाऱ्या दुसऱ्या औषधाची, मेथर्जिनची, शोधाशोध, आणि रक्तदाब जास्त म्हणून मेथर्जिनही देता येत नाही हे लक्षात येण्याचा तो क्षण त्यांच्या हातांना ठाऊक असतो.

मावशी : पाहिलंय मी ते. पण ड्रिप न लावता दोन दिवस कळा खाल्लेली बाईसुद्धा तशीच ओतते. दमलेली पिशवी दमलेलीच. तू दोष ड्रिपला देणार की दमण्याला?

मेधा : बाईत दोन्ही वेगळं काढणं अवघड आहे, मान्य. म्हणून प्रयोगशाळेत सिझेरियनच्या वेळी मिळालेली स्नायूची पट्टी ऑक्सिटोसिनमध्ये आधी ठेवून पाहतात. आधी भिजलेली पट्टी नंतरच्या मात्रेला कमी आखडते. तिथे दमलेली बाई नसते.

मावशी : तिथे रात्रीची ड्यूटीही नसते. एका सिस्टरला तीन-चार टेबलं, त्यातलं एक झटक्याचं. तुझी ती ग्वाटेमालाची मायाळू बाई मला कुणी दिली असती तर मी थेंब मोजत बसले असते का?

मेधा : आता नियमानं देता येते. २०१६ पासून केंद्र सरकारनं प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत घ्यायला परवानगी दिलीय. आणि तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे हा जुना दंडक जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सोडला. जोराचा टप्पा ५ सेंटिमीटरनंतर धरायचा, त्याआधी घाई नको.

मावशी : कागद आला की पडदा येतो का? दोन टेबलांमध्ये पडदा नसला तर सासूला कशी आत घेणार? शेजारची उघडी पडलेली असते.

याला मेधाकडे उत्तर नव्हतं. शरीरक्रियाशास्त्रात पडद्याचा धडा नाही.

मावशी : आणि हे बघ, घाईचं खापर एकट्या लेबर रूमवर नको. गोठ्यातही तेच चाललंय. म्हशीचं दूध कासेच्या खालच्या भागात फार थोडं उतरलेलं असतं, बाकी सगळं वर. रेडकू लावा, कास धुवा, थोडं थांबा, मग पान्हा घालते. एवढा धीर नाही म्हणून सुई.

मेधा : तोच फर्ग्युसनचा रस्ता, फक्त आचळातून. सुई रोजची झाली की म्हशीलाही तिची सवय लागते आणि रेडकाला ती दाद देईनाशी होते. ते दूध प्यायलेल्या मुलींचं काय होतं, याच्या अफवा मात्र मला पटत नाहीत. गिळलेलं पेप्टाइड पोटातले पाचकरस तोडून टाकतात. हाल जनावराचे होतात.

मावशी : आणि त्या सुईपायी आमचं औषध बंद होणार होतं.

मेधा : एप्रिल २०१८ ची अधिसूचना. खासगी कंपन्यांनी देशासाठी ऑक्सिटोसिन बनवायचंच नाही, फक्त कर्नाटक अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीनं बनवायचं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात ती रद्द केली. बायकांच्या जिवावरचं औषध एकाच कारखान्याच्या भरवशावर सोडता येत नाही, हा मुद्दा तिथे होता.

मावशी : कारखान्याचं सोड, फ्रीजचं बोल. २ ते ८ अंशांत ठेवा म्हणतात. मे महिना, भारनियमन, फ्रीजमध्ये लसी, आणि ऑक्सिटोसिनची खोकी ट्रॉलीच्या कप्प्यात. त्यातलं किती जिवंत होतं, देव जाणे.

मेधा : त्यावर उपाय निघालाय. कार्बेटोसिन. ऑक्सिटोसिनचंच थोडं बदललेलं पेप्टाइड, आणि त्याचा नवा प्रकार फ्रीजवाचून ३० अंशांतही टिकतो. २०१८ साली भारतासह १० देशांत जवळजवळ ३०,००० बायकांवर चाचणी झाली. रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा मागे पडलं नाही.

मावशी : मग ठेवा की प्रत्येक उपकेंद्रात. एक सुई, काम झालं.

मेधा : बाळ झाल्यावरच द्यायचं पण. आधी मुळीच नाही.

मावशी : ते कुप्यांवर लिहिलेलं असेल. रात्री तीनला कुप्या सारख्याच दिसतात. समजा कुणी कळा वाढवायला आधीच टोचलं, आणि पिशवी घट्ट झाली ती सैल पडेना. ड्रिपचं बरं होतं, चाक फिरवलं की थेंब बंद, थोड्या वेळात हाताखाली पिशवी मऊ. ह्याचा असर किती वेळ?

मेधा : रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच ४० मिनिटं लागतात.

मावशी : आणि चाक?

मेधा : चाक नाही.